मातीतला राजगड

दिवाळीच्या इतर सगळ्या कामांत मुलं मोठ्यांच्या हाताखाली असतात. चकलीचा सोऱ्या दाबायला, करंज्यांवर ओलं फडकं घालायला, पणत्या धुऊन वाळत ठेवायला, रांगोळीत रंग भरायला त्यांना हाक मारली जाते. मातीचा किल्ला करताना मात्र हे नातं उलटतं. तिथे बाबा विटा वाहतात, आजी माळ्यावरचं जुनं गोणपाट शोधून देते, काका बादलीभर माती जिना चढवून आणतात, आणि काय कुठे बसवायचं ते मुलं ठरवतात. घरातल्या सणाचा एक पूर्ण कोपरा मुलांच्या ताब्यात असतो. त्या कोपऱ्यात चार-पाच दिवस जे घडतं ते मला आपल्या घरगुती कलांमधलं फार मोलाचं काम वाटतं.

कवितेचं रसग्रहण करायला आपण शाळेत शिकतो. मातीच्या किल्ल्यापुढून मात्र ‘छान झालाय हं’ एवढं म्हणून निघून जातो. खरं तर त्यालाही आशय आहे, रचना आहे, माध्यम आहे, परंपरा आहे. त्याची दादही तितक्याच बारकाईने द्यायला हवी. म्हणून इथे एकच किल्ला घेतो: आमच्या इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरून मुलांनी केलेला राजगड.

निवडीपासूनच दाद द्यावी असा हा किल्ला होता. मुलं बहुधा रायगड, प्रतापगड किंवा सिंहगड करतात. पाण्याची हौस असली तर परातीत नाहीतर टबात सिंधुदुर्ग. राजगड करायला अवघड, कारण तो एका बाजूने पाहून कळत नाही. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. रायगडाआधी सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला. तो मातीत करायचा तर आधी वरून पाहावा लागतो, म्हणजे नकाशा समजून घ्यावा लागतो. मुलांनी भूगोलाच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तीन बोटं पसरल्यासारखी आकृती काढली होती. तो कागद चिखलाने माखून दुसऱ्या दिवशी फाटला, पण तोवर आकृती त्यांच्या डोक्यात पक्की झाली होती.

आता माध्यम. किल्ल्याची माती दिवाळीतच नीट जमते, यात ऋतूचा मोठा हात आहे. ऑक्टोबरात महाराष्ट्रातून पाऊस परततो. जमिनीच्या पोटात अजून ओल असते, वरून ऊन कडक पडतं. ओली माती हवा तो आकार घेते आणि ऊन तो आकार धरून ठेवतं. भर पावसाळ्यात किल्ला वाहून गेला असता, वैशाखात मातीची ढेकळं फोडण्यातच सुटी सरली असती. दगडगोटे काढून माती चाळायची, तिच्यात पाणी घालून मळायची, हाताला चिकटणार नाही पण दाबली तर तडकणारही नाही अशी करायची. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नाही, ते तळहाताला कळतं. “दादा, पाणी बास आता,” असं सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. तिचं बरोबर होतं.

सगळा डोंगर मातीचा करत नाहीत. आत विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचतात. त्यावर मातीच्या पातळ काल्यात बुडवलेलं गोणपाट पसरतात आणि मग चिखलाचे हात देतात. या गोणपाटापाशी किल्ल्याची खरी किमया घडते. ओलं पोतं दगडांवरून खाली ओघळताना त्याला आपोआप चुण्या पडतात. त्या चुण्यांच्या घळी होतात, सोंडा होतात, कडे होतात. अनुभवी मुलं त्या सपाट करत नाहीत. कुठली चुणी ठेवायची, कुठली दाबायची, एवढंच ती पाहतात. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. म्हणून तिथे सपाट माथा, खाली उभा कातळ, मग उतार, पुन्हा कातळ अशी पायऱ्यांची ठेवण दिसते. विटांवर विटा रचून त्यावर पोतं टाकणाऱ्या मुलांना हा भूगर्भाचा इतिहास माहीत नसतो. पण थरांवर थर रचल्यामुळे त्यांच्या डोंगरालाही तसाच सपाट माथा आणि तसाच तुटलेला कडा येतो. पद्धतीतून सत्य साधण्याचा हा अनुभव मोठ्या शिल्पकारालाही हवासा वाटेल.

रचनेत मुलांपुढे मोठी अडचण जागेची होती. कोपरा अरुंद, मागे टाकीची भिंत. राजगड नकाशाप्रमाणे मांडला तर संजीवनी माची भिंतीत जात होती. ती लांबच लांब माची आखडून टाकायची की सगळा गडच फिरवायचा? बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी गड फिरवला, उत्तर दिशा टाकीकडे केली आणि विटकरीच्या तुकड्याने फरशीवर दिशेचा बाण काढला. मला हा निर्णय फार आवडला. संजीवनीची लांबी हा राजगडाचा स्वभाव आहे आणि तो त्यांनी सोडला नाही. कवीला वृत्तात बसवण्यासाठी ओळ छाटता येते, पण ज्या शब्दासाठी ओळ लिहिली तो शब्द तो छाटत नाही. मुलांनी तीच निवड केली.

संजीवनी माचीचं वैशिष्ट्य म्हणजे तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज. एका तटाच्या आत दुसरा तट, दोहोंच्या मधे चिंचोळी वाट. मातीत हे करताना दोन समांतर वळ्या घातल्या होत्या आणि मधे करंगळी जाईल एवढीच जागा राखली होती. ती जागा राखण्यासाठी एकाने खरोखरच करंगळी घालून ठेवली आणि दुसऱ्याने बाहेरून माती थापली. वाळल्यावर तटाच्या आतल्या अंगाला बोटाचा ठसा राहिला. सुवेळा माचीच्या कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते माती अर्धवट ओली असतानाच पाडावं लागतं, उशीर झाला की कडा ढासळतो. पेनाची रिकामी नळी हळूहळू फिरवत त्यांनी ते पाडलं. पलीकडून एकाने डोळा लावला आणि “दिसतंय!” असा ओरडला. एवढ्या एका भोकाने तो मातीचा ढीग सुवेळा झाला. नेमका तपशील साऱ्या आकृतीला ओळख कशी देतो, हे त्या नेढ्यात पाहावं.

मग दरवाजा. पहिल्या दिवशी पायथ्यापासून दरवाज्यापर्यंत काडेपेट्यांच्या पायऱ्यांचा सरळ रस्ता झाला होता. दिसायला सुरेख. एकाच्या ताईने तो पाहिला आणि ती म्हणाली, “असा सरळ केलात तर शत्रू पळतच वर येईल ना!” झालं, रस्ता मोडला. नवा रस्ता दोनदा वळला आणि दुसऱ्या वळणावर दरवाज्याच्या पुढे एक बुरूज आडवा आला. आता समोरून दरवाजा दिसेना. धाकट्यांना ते पटेना. एवढा रंगवलेला दरवाजा लपवायचा कशाला? पण गडाची बुद्धी तिथेच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर जे लिहिलं आहे त्यात दरवाज्याचा हाच विचार सांगितला आहे: खालून होणारा मारा चुकवावा, पुढे बुरूज द्यावा, येण्याजाण्याची वाट बुरुजाच्या माऱ्यात ठेवावी. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. मुलांनी ‘आज्ञापत्र’ वाचलं नव्हतं. आपल्या मावळ्यांची काळजी करता करता ती त्याच उत्तरापाशी पोचली होती. इतिहासाच्या धड्यात लढाया पाठ होतात. दरवाजा तिथेच का, हा प्रश्न मात्र किल्ला करतानाच पडतो.

पाण्याचंही तसंच. ‘आज्ञापत्र’ सांगतं की गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावं. मुलांनी नेमकं उलट केलं होतं: गड झाला, तट झाला, आणि मग पद्मावती माचीवर तलाव करायची आठवण झाली. मातीत खळगा करून पाणी ओतलं. ते जिरलं आणि त्याच्याबरोबर माचीचा कडाही खचला. दुसऱ्या खेपेस प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण आधी बसवलं, काठ मातीने लिंपले आणि मग पाणी भरलं. पुढचा सगळा आठवडा त्या झाकणातलं पाणी सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी भरत होतं. पाणी साठवणं आणि राखणं ही गडावरची पहिली जबाबदारी आहे, हे त्यांना त्या रोजच्या तांब्याने शिकवलं. पुण्याच्या पेठांत काही मुलं सलाईनची नळी लावून कारंजं उडवतात. त्या युक्तीचं मला कौतुक आहे. पण राजगडावर साठवलेलं पाणी हवं, हा या मुलांचा आग्रह मला अधिक जवळचा वाटला.

रंगांमध्ये हिरवा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो डबीत मिळत नाही. तो पेरावा लागतो. अळीव, मोहरी, कधी मेथी किंवा गहू. अळीवाला पसंती जास्त, आणि त्याचं कारण त्या बीमध्येच आहे. भिजलं की अळीवाभोवती चिकट बुळबुळीत आवरण येतं. त्यामुळे तो उभ्या उतारालाही धरून राहतो. कोरडी मोहरी घरंगळून पायथ्याला जमते. ज्या अळिवाचे लाडू आजी थंडीत बाळंतिणीसाठी करते त्याचीच मूठभर पुडी इकडे डोंगरावर येते. पेरणीचं गणितही आहे. वसुबारसेला हिरवळ दिसायला हवी तर तीन-चार दिवस आधी पेरावं लागतं. उशीर झाला तर लक्ष्मीपूजनाला डोंगर बोडका राहतो, फार लवकर पेरलं तर भाऊबीजेपर्यंत रोपं पिवळी पडून माना टाकतात. सणाच्या तिथ्या मुलांना एरवी कपड्यांवरून आणि फराळावरून कळतात. इथे त्या अंकुराच्या उंचीवरून कळतात. शिवाय हा रंग रोज बदलतो. एका सकाळी सुवेळेवर पोपटी धूर पसरल्यासारखा वाटला आणि दोन दिवसांत पायवाट झाडीत बुडाली. चित्र पूर्ण झाल्यावरही वाढत राहतं, असं भाग्य फार थोड्या चित्रकारांना लाभतं.

आणि मग चित्रं. किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना आपल्याकडे चित्रंच म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात, कोल्हापूरच्या गंगावेशीत आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत दिवाळीआधी त्यांच्या रांगा लागतात. सिंहासनावरचे महाराज, भाले घेतलेले मावळे, तोफा, घोडेस्वार, वासुदेव, भाजीवाली, गवळण, जात्यावर बसलेली बाई, औत धरलेला शेतकरी, गुहेतला वाघ. घरोघरी दरवर्षी नवी सगळी आणत नाहीत. मागची पेटीतून निघतात, कुणाचा भाला मोडलेला, कुणाचा फेटा रंग उडालेला, त्यात चार नवी मिसळतात. या राजगडावर एक मावळा असा होता की तो आधीच्या पिढीतून आला होता. त्याचं नाक झिजलं होतं, पण पहारा त्याला बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर मिळाला होता. ज्येष्ठतेचा असा मान मुलांनी आपणहून ठेवला.

चित्रं मांडली की प्रमाणाचा प्रश्न येतो. महाराज दरवाज्यापेक्षा उंच. ते बालेकिल्ल्यात शिरले कसे? गवळणीची घागर बुरुजाएवढी, वाघ तोफेहून मोठा. मोठी माणसं हे पाहून हसतात. मला वाटतं इथेच किल्ल्याची दृष्टी दिसते. अजिंठ्याच्या सतरा क्रमांकाच्या लेण्यात यशोधरा आणि राहुलासमोर उभे असलेले बुद्ध त्या दोघांच्या कितीतरी पट मोठे रंगवले आहेत. चित्रकाराला माणसाचं माप कळत नव्हतं म्हणून नव्हे. समोर कोण उभं आहे हे त्याला सांगायचं होतं. मुलांच्या किल्ल्यातही उंची फुटपट्टीने ठरत नाही, महत्त्वाने ठरते. महाराज सगळ्यात मोठे, कारण गड त्यांचा आहे. जुना मावळा नव्या मावळ्यांहून मोठा, कारण तो आधीपासून आहे. वाघ मोठा, कारण त्याची भीती मोठी. हे माप मुलांनी मनाशी पक्कं केलेलं असतं आणि ती ते सबंध किल्ल्यात निष्ठेने पाळतात.

पायथ्याशी गाव वसतं, आणि तिथे काळाचंही बंधन सुटतं. विहीर, देऊळ, शेत, बैलगाडी यांच्या शेजारी लाल एसटी उभी असते, रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या असतात, कधी विमानतळही असतो. या राजगडाच्या पायथ्याला मुलांनी एक शाळा आणि एक दवाखाना केला होता. दवाखाना का, असं विचारलं तर उत्तर आलं, “जखमी मावळ्यांना कुठे नेणार मग?” काळाच्या चौकटी सोडून त्यांनी माणसांच्या गरजा धरल्या होत्या. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गड आणि आजचं गाव यांच्यामधे त्यांनी एकही भिंत घातली नाही. गडावरची माणसं त्यांच्या लेखी आजही जखमी होतात, त्यांना तहान लागते, त्यांना घरी जायचं असतं.

संध्याकाळी पणत्या लागल्या की सगळ्या बांधणीचा कस लागतो. दिवसा सपाट वाटणाऱ्या उतारावर कडेकपारींच्या सावल्या पडतात. ज्या चुण्या दाबल्या नव्हत्या त्या आता खोल दऱ्या होतात. दुहेरी तटाच्या आड ठेवलेली छोटी पणती बाहेरून दिसत नाही, फक्त तिचा उजेड तटाच्या वर येतो. नेढ्यातून प्रकाशाचा एक ठिपका पलीकडच्या भिंतीवर पडतो. गड बांधताना मुलांनी घेतलेला प्रत्येक निर्णय त्या उजेडात पुन्हा वाचता येतो.

आणि किल्ला पूर्ण होतो तो सांगण्याने. कुणी पाहायला आलं की मुलं पुढे येतात. “हा पाली दरवाजा, इकडून राजमार्ग. ही पद्मावती, इथे सईबाईंची समाधी. हा चोरदरवाजा, पण तो सांगायचा नाही.” हे निवेदन रचनेचा भाग आहे, कारण मातीत न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात असतात. कोण कुठे पहारा देतो, रसद कुठून येते, वेढा पडला तर काय करायचं. बेळगाव, सातारा, कोल्हापूर, पुणे इथल्या किल्ला स्पर्धांतही परीक्षक मुलांना माहिती सांगायला लावतात, ते योग्यच आहे.

ऋतूची माती आणि ऋतूचं साहित्य घेऊन सणापुरतं काही घडवायचं आणि मग ते निसर्गाला परत द्यायचं, ही रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. गोव्यात मुलं आणि तरुण गवताचा, कागदाचा नरकासुर उभा करतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. किल्लाही असाच सणापुरता. तुळशीच्या लग्नापर्यंत तो राहतो, मग चित्रं कागदात गुंडाळून पेटीत जातात, विटा जागेवर जातात, माती कुंड्यांत आणि बागेत पडते. टिकणार नाही हे ठाऊक असूनही करंगळीएवढ्या वाटेसाठी तासभर खपणं, यात कामावरचं निखळ प्रेम आहे.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात. प्लास्टरचे, रंगवलेले, दरवाज्यासकट. ज्यांच्या घराला अंगण नाही, ज्यांना माती कुठून आणावी हे कळत नाही, त्यांची अडचण खरी आहे. तरीही मला वाटतं की परातीएवढा, गॅलरीच्या कोपऱ्यातला, वाकडा झालेला मातीचा किल्ला त्या तयार किल्ल्याहून मोठा आहे. तयार किल्ल्यातले निर्णय आधीच कुणीतरी घेऊन टाकलेले असतात. तिथे रस्ता वळवायचा प्रश्न येत नाही, पाणी जिरत नाही, पेरणी चुकत नाही, दिशेवरून भांडण होत नाही. मुलाला करायला उरतं ते फक्त मांडणं. परदेशातली मराठी घरं पुठ्ठा आणि कागदाचा लगदा घेऊन किल्ला करतात तेव्हा माध्यम बदलतं, पण ठरवणं मुलांकडेच राहतं. म्हणून तो किल्लाच असतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्या यादीत आहे. त्या मानाचा आनंद मोठा आहे. पण हे गड मराठी मनात जिवंत राहिले त्यात, दरवर्षी दिवाळीत ते पुन्हा बांधणाऱ्या लहान हातांचा वाटाही आहे. यादीतला किल्ला जतन करायचा असतो. मुलांचा किल्ला दरवर्षी नव्याने समजून घ्यायचा असतो, आणि समजून घेतलेली गोष्टच माणूस मनापासून जपतो. ज्या मुलाने तटाच्या दोन वळ्यांमधे करंगळी धरून ठेवली तो उद्या खऱ्या संजीवनी माचीवर गेला की त्या दुहेरी तटाच्या दगडावर नाव कोरणार नाही. ती वाट राखायला किती कष्ट पडतात हे त्याच्या बोटाला माहीत आहे.

म्हणून या दिवाळीत मुलांना माती आणून द्यावी, एक कोपरा मोकळा करून द्यावा आणि त्यांनी मागितलं तेवढंच हाताखाली काम करावं. किल्ला झाला की नुसतं ‘छान’ म्हणू नये. दरवाजा कुठे आहे, पाणी कुठून येतं, वाट इथेच का वळते, हे विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. त्या उत्तरात मुलाचा इतिहास, भूगोल, माया आणि बुद्धी एकाच वेळी बोलत असतात. आपल्या सणांनी मुलांच्या हाती दिलेली ही सगळ्यात मोठी कलाकृती आहे, आणि तिला तेवढ्याच गंभीर, प्रेमळ रसिकाची गरज आहे.